फोटोतला नववा माणूस

हुफूफ,
सप्टेंबर २०१३

प्रिय अब्बा,

सलाम. हे पत्र गिरीशभाऊंच्या हाती देते आहे. ते एसीच्या कामाला खफजीला निघालेत. पत्र तुमच्या हातात दिल्यावर तुम्ही ते वाचून पुरं करेपर्यंत समोरून हलायचं नाही, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. 'सवडीने वाचीन' म्हणून खिशात घातलंत तरी ते जाणार नाहीत. सातारचे आहेत, चहा पाजून वाटेला लावण्यातले नव्हेत.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण फोनवर तुमचा आवाज नेमका एकाच वाक्याला तुटतो. अम्मीची तब्येत, तुमच्या जावयाचं यासीनचं जेवण, दाभोळातल्या कुणाचं लग्न, सगळं तुम्हाला खणखणीत ऐकू येतं. मी 'घरी कधी जाताय' म्हटलं की 'हॅलो, हॅलो, टॉवर गेला' सुरू. यासीन म्हणतो, खफजीत माणसांपेक्षा टॉवर जास्त आहेत. म्हणून लिहिते आहे. अक्षर मोठं काढलंय, म्हणजे चष्म्याचीही सबब नको. पाटावर बसून लिहिते आहे, कारण टेबल आता नाही. त्याचं पुढे सांगते.

आधी तुमचं काम. ईदला आला होतात तेव्हा तुम्ही मला हुकूम सोडलात की तुम्ही चालवता त्या लाँचच्या केबिनमध्ये होकायंत्राच्या वर जो फोटो लटकतो, त्यातला माणूस कोण ते शोधून काढ. तो इंग्रज इंजिनियर जाताना तुम्हाला देऊन गेला, माझा आजोबा आहे म्हणाला, ऑलिम्पिकमध्ये होडी वल्हवायचा म्हणाला, आणि एवढ्यावर तुम्ही इतकी वर्षं तो फोटो पुसत राहिलात. 'तू ग्रॅज्युएट, तेही इतिहासाची. एवढं तर शोधशील,' असं म्हणालात. आपल्या घरात पहिली ग्रॅज्युएट होण्याचा हा एक त्रास आहे. मीटरचं बिल जास्त आलं तरी मला विचारतात आणि शंभर वर्षांपूर्वीचा गोरा कोण तेही मलाच.

शोधला. त्याचं नाव एडविन थोरबर्न. फोटोच्या मागे ज्या गावाचं नाव आहे, तिथे अजून तो बोट क्लब आहे, आणि त्या क्लबचं जुनं सामान सांभाळणारी एक म्हातारी बाई आहे. तिने मला मेलवर इतक्या प्रेमाने लिहिलं की मला भरून आलं. पण तुम्हाला त्याची काही किंमत? मी दर वेळी फोन करून सांगायची, अब्बा, नाव मिळालं, अब्बा, साल मिळालं, १९१२, स्टॉकहोम. आणि तुम्ही दर वेळी एकच विचारायचात, 'आणि तो नववा?' आठ धिप्पाड मिशाळ माणसं वल्ही घेऊन बसलीत, त्यांच्याकडे तुमचं लक्ष नाही. सगळ्यांकडे तोंड करून बसलेला तो किरकोळ देहाचा, टोपीवाला नववा माणूस, त्याची तुम्हाला चौकशी. त्याच्या हातात वल्हं नाही, मग त्याला नावेत घेतला कशाला, तांडेल आहे का तो, त्याला पगार किती. अहो, त्याच्याबद्दल कुणी काही लिहूनच ठेवलेलं नव्हतं. मी काय करू?

तर आधी थोरबर्नचं ऐका. त्याचा बाप नावाडी होता. गावाला पूल नव्हता, माणसं पैलतीरी नेणारी त्यांची तर नदीवर चालायची. तुम्ही जसे लहानपणी दाभोळच्या तरीवर होतात, तसाच तोही. पोरगा मोठा झाला, बंदरावरच्या कचेरीत कारकून लागला, क्लबात जाऊन वल्हवू लागला आणि सगळ्यांच्या पुढे गेला. आणि इथे मला त्या लोकांचा पहिला राग आला. इंग्लंडात तेव्हा नियम होता की जो हाताने काम करून पोट भरतो त्याने शर्यतीच्या होडीत बसायचं नाही. सुतार नको, लोहार नको, आणि नावाडी तर नकोच नको. शर्यत सभ्य लोकांची. कुणीतरी तक्रार केली की या पोराने बापाच्या तरीवर उतारूंकडून पैसे घेतलेत. झालं, त्याला उतरवलं. ज्याला पाण्यातलं सगळ्यात जास्त कळतं त्यालाच पाण्यावर मनाई. दोन वर्षं तो काठावर उभा राहून दुसऱ्यांच्या शर्यती बघत होता. मग कुणीतरी शब्द टाकला, कागद इकडचे तिकडे झाले आणि तो परत बसला.

हे मी यासीनला वाचून दाखवलं तर तो हसायला लागला. म्हणाला, तुझ्या बापाचं उलटं आहे. ते कागदावर सुतार आहेत म्हणून पाण्यावर चालतात. खरंच आहे. इतकी वर्षं तुमच्या राहण्याच्या परवान्यावर, इकाम्यावर 'सुतार' लिहिलंय आणि तुम्ही लाँच हाकताय. आमचं कपाट लावायला आला होतात तेव्हा दार उलटं बसवून गेलात. आजवर कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पण आता सौदी माणसांना आधी नोकरी द्या म्हणणारा निताकतचा कायदा आहे, आता प्रत्येक कागद उलटून बघतात. पुरेसे सौदी कामाला नाहीत म्हणून तुमची कंपनी लाल पट्ट्यात गेली, लाल पट्ट्यातल्याचा इकामा वाढत नाही, आणि लाँचचा कप्तान सौदीच हवा असं ठरलं. त्यांनी त्या सौदी पोराला, फहादला घेतलं. तुम्हाला सांगितलं, याला शिकवा, मग तुमचे जायचे कागद तयार आहेत, अंगठा द्या, तिकीट घ्या. किती साधी गोष्ट होती.

मी तुम्हाला हे मनापासून सांगते अब्बा, फहादला ती नोकरी मिळाली हे मला चूक वाटत नाही. मी इथल्या भारतीय शाळेत सातवीला स्वदेशी चळवळ शिकवत होते. परका माल नको, आपल्या माणसाच्या हाताला काम द्या, असं मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. त्यावर नीलेश नावाचा एक मुलगा उभा राहिला आणि इंग्रजीत म्हणाला, मिस, मग हे सौदी लोक करतात ते स्वदेशीच ना? वर्गातली निम्मी मुलं अशी, ज्यांच्या बाबांचं काय होणार ते घरात कुणाला ठाऊक नाही. ज्याचा देश त्याचं सुकाणू, एवढं मला कळतं. पण ज्याने इतकी वर्षं सुकाणू धरलं त्याला सुतार म्हणून परत पाठवायचं, हेही मला कळतं, आणि या दोन्ही गोष्टी एका वहीत बसत नाहीत.

पण तुम्ही तर तिसरंच काही केलंत. शिकवा म्हणाले म्हणून तुम्ही फहादला दाभोळच्या पद्धतीने शिकवायला घेतलंत. खाडीत तांडेल नव्या माणसाला सुकाणूला हात लावू देण्याआधी नावेच्या टोकाकडे पाठ करून बसवतो आणि मागे पाण्यावर उमटणारी रेघ बघायला लावतो. रेघ सरळ तर वाट सरळ. रेघ वळली तर कुठे वळली, वाऱ्याने की तुझ्या हाताने, ते सांग. हे मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे, आपल्या मोहल्ल्यातल्या बकऱ्यांनाही ठाऊक असेल. पण खफजीच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या मॅनेजरला ते कसं ठाऊक असणार? त्याने दुर्बिणीतून काय पाहिलं, तर कंपनीचा नवा सौदी कप्तान, पांढऱ्या गणवेशात, खांद्यावर पट्ट्या लावलेला, माणसांनी भरलेल्या लाँचवर सगळ्यांकडे पाठ करून समुद्राच्या पाण्याकडे बघत बसलाय, आणि सुकाणूवर कागदावरचा हिंदी सुतार. त्याला वाटलं तुम्ही त्या मुलाला शिक्षा केलीय. केवढा गहजब झाला! फहादच्या चुलत्यापर्यंत गेलं. फहादने स्वतः सगळ्यांना सांगितलं म्हणून निभावलं. नाहीतर तुम्ही आज पत्र वाचायला खफजीत नसतात, कुठे असतात ते मला लिहवत नाही. आणि तुम्ही मला फोनवर काय सांगितलंत? 'मॅनेजरला पाण्यातलं कळत नाही.' बस, एवढंच.

त्यावर अम्मीला मी सगळं सांगितलं नाही, अर्धंच सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या बापाने समुद्राशी दुसरा निकाह लावलाय, आणि ती सवत म्हातारी होत नाही हीच पंचाईत. हसत म्हणाली. तुम्ही येणार म्हणून तिने पडवीचा झोपाळा तेल लावून ठेवलाय. सरकारच्या पहिल्या मोहलतीच्या वेळी एकदा लावला, ती वाढली तेव्हा पुन्हा लावला. नोव्हेंबरच्या तीन तारखेपर्यंत जो आपण होऊन जाईल त्याला दंड नाही, तुरुंग नाही. त्यानंतर रस्त्यावर धरतील. हे सगळ्या जगाला पाठ झालंय. तबूकहून माणसं निघाली, जुबैलहून निघाली, आणि माझ्या अब्बांचं एकच, 'फहाद अजून तयार नाही. धक्क्याला लावताना हात कच्चा आहे. शमालचा वारा सुटला तर पन्नास माणसं आहेत मागे.'

थोरबर्नकडे वळते, नाहीतर माझं डोकं तापेल. तो थोरबर्नही काही कमी नव्हता. ऑलिम्पिकला गेले आणि पहिल्याच शर्यतीत हरले. तुम्ही हे ऐकून फक्त 'प्रवाह कुठल्या अंगाला होता' असं विचारलंत. माहीत नाही. हरून आले तरी पुढची दोन वर्षं ते नऊ जण एकत्र वल्हवत होते. मग युद्ध लागलं, सगळे गेले, त्यातले काही आलेच नाहीत. थोरबर्न आला तो खांद्यात लोखंड घेऊन. हात वर जाईना. आणि त्याने काय करावं? नदीवर जायचंच सोडलं. क्लबातून माणसं बोलवायला यायची, नव्या पोरांना शिकव म्हणायची, हा दार उघडायचा नाही. बायकोला नदीकाठच्या रस्त्याने बाजारातसुद्धा जाऊ द्यायचा नाही, लांबच्या गल्लीतून जा म्हणायचा. किती वर्षं! ती म्हातारी बाई लिहिते की त्याच्या मुलीला त्याचा फार वैताग यायचा. मी तिला लिहिलं, मला ती मुलगी नीट समजते.

पुढे एक दिवस तो आपण होऊन काठावर आला. अंगात जाड ओव्हरकोट. ज्यांना शिकव म्हणून कुणी सांगितलं नव्हतं अशा पोरांवर ओरडू लागला. रोज यायचा. एकदा ओरडता ओरडता नदीत पडला आणि त्या पोरांनीच बाहेर काढला. हे वाचून तुम्हाला बरं वाटेल, मला माहीत आहे.

आता शाळेचं सांगते. तपासणीवाले येणार अशी आवई उठली आणि नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या आम्हा बायकांना उद्यापासून घरी थांबा असं सांगितलं. मी सातवीचा धडा अर्धा टाकून आले. फळ्यावर 'स्वदेशी' तसंच राहिलं. नोकरी म्हणाल तर कागदावर ती कधी नव्हतीच, त्यामुळे गेली असं म्हणायचीही सोय नाही. मी घरी बसून काय करणार? थोरबर्नला शोधत बसले. यासीनही हल्ली सकाळी घरी असतो. तो काम करतो त्या खजुराच्या गोदामातला थंड विभाग बंद झालाय. तो सगळं आवरत असतो. वॉशिंग मशीन शेजारच्या मेहनाजला दिलं, तिचा नवरा हिरव्या पट्ट्यातल्या कंपनीत आहे. टेबल परवा एका पठाणाने नेलं. कपाट कुणी घेत नाही, त्याचं दार उलटं आहे.

तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट आता लिहिते, आणि ही वाचताना गिरीशभाऊंकडे बघू नका. गेल्या जुम्याला फहादचा यासीनला फोन आला होता. मी स्वयंपाकघरात होते, यासीनने आवाज मोठा केला. आधी सलाम, तब्येत झाली. मग त्याच्या त्या ड्रायव्हर लोकांकडून शिकलेल्या हिंदीत म्हणाला, 'भाई, चाचा को घर भेजो. मैं जानबूझ के ठोकता हूँ.' यासीनला काही कळेना. तेव्हा त्याने सगळं सांगितलं. धक्क्याला लाँच लावायला त्याला महिन्यापूर्वीच यायला लागलं. तुमची रजा होती त्या दिवशी चांगला वारा असताना त्याने एकट्याने लावली, धक्क्याला लटकवलेल्या टायरांना लाँचचं अंगही घासलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही मागे उभे राहिलात, आणि त्याला वाटलं की आज नीट लावली तर हा म्हातारा उद्या येणार नाही. म्हणून त्याने ठोकली. तुम्ही त्याला शिव्या दिल्यात, मग पुन्हा रेघ दाखवायला बसलात. त्याला ते आवडलं. आणि तेव्हापासून तो रोज थोडी थोडी ठोकतोय. त्याला वडील नाहीत, हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत. म्हणाला, पण आता तारीख जवळ आली, आणि चाचा माझ्यामुळे पकडला गेला तर मी लाँचवर पाय ठेवणार नाही. मी सांगितलं तर ते माझं ऐकणार नाहीत, तुम्ही सांगा.

अब्बा, मी कपाळाला हात लावला. एक म्हणतो, तो तयार नाही म्हणून जात नाही. दुसरा, तुम्ही जाल म्हणून तयार होत नाही. आणि या दोघांच्या प्रेमापायी कंपनीच्या टायरांचा भुगा होतोय. मला हसावं की रडावं कळेना. यासीन मात्र गॅलरीत जाऊन उभा राहिला.

आणि परवा त्या म्हातारीची शेवटची मेल आली. तुमच्या नवव्याचा पत्ता लागला. पर्सी नाव. भाजीच्या दुकानात कामाला होता, चणीने लहान म्हणून सुकाणूला बसवत. तुम्ही म्हणत होतात तसा तांडेलच. वल्हवणारे आठही जण जायच्या दिशेला पाठ करून बसतात. कुठे चाललोय ते फक्त नवव्याला दिसतं. थोरबर्न त्याच्या अगदी समोर बसायचा, त्याला शर्यतभर एकच गोष्ट दिसायची, पर्सीचं तोंड. पर्सी हसला की पुढे मोकळं पाणी, पर्सीने ओठ चावले की जोर लावायचा. युद्धातून जे परत आले नाहीत त्यात पर्सी होता. थोरबर्न एवढी वर्षं नदीवर का गेला नाही, याचं कारण खांदा नव्हे, हे असावं, असं तिला वाटतं. पुढे म्हातारपणी उरलेल्यांनी एकदा पुन्हा होडी काढायची ठरवली. बाकीच्या जागांवर क्लबातली पोरं बसली. सुकाणूची जागा रिकामी होती. थोरबर्नला वल्हं उचलत नव्हतं, म्हणून त्याला तिथे बसवला. एवढा वजनदार माणूस की होडीचा मागचा भाग पाण्यात गेला, काठावरचे लोक हसले. पण त्याने होडी नीट नेली आणि नीट आणली. उतरल्यावर म्हणाला, 'जन्मभर वल्हवलं, पण आपण कुठे जातो ते आज पहिल्यांदा दिसलं.'

हे पत्र मी तुमच्यावर रागवायला लिहायला घेतलं, आणि बरंचसं रागावूनही झालं. पण खरं कारण ते नाही. यासीनचे जायचे कागद झालेत. त्याच्या कंपनीने त्याला नवं काम शोधायला सांगितलं, ते मिळालं नाही. आम्ही दोघं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दमामहून निघतोय. अम्मीला अजून सांगितलेलं नाही. मी इकडे आले तेव्हा मोहल्ल्याने जमातखान्यात माझा सत्कार केला होता, मौलवीसाहेब म्हणाले होते की आपली मुलगी तिकडे जाऊन शिकवणार. आता मी दाभोळच्या धक्क्यावर दोन खोकी घेऊन उतरणार आणि लोक विचारणार, आता काय? मला पुढचं काही म्हणजे काही दिसत नाही. गावात शाळा आहे, खाडी आहे, मला दोन हात आहेत, वल्हवायला मी घाबरत नाही. पण पाठ करून बसलेय, अब्बा. फहाद तयार आहे. कधीचा आहे. तयार नाही ती मी आहे. यासीनने तीन तिकिटं धरून ठेवलीत, तिसरं तुमच्या नावाचं. गिरीशभाऊ समोर उभे आहेत, त्यांना फक्त हो म्हणा. फोटो केबिनमध्येच राहू दे, फहादला लागेल. तुम्ही तेवढे या आणि माझ्या समोर बसा. तुमचं तोंड दिसलं की मला पुढचं पाणी कळेल.

तुमचीच,
अदिबा